कबरीवर ॲसिड ओतू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर सरत आला की वसईतल्या किराणा दुकानांत मेणबत्त्यांचे पुडे दर्शनी फळीवर येतात आणि त्यांच्या शेजारी संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटल्या. दोन्ही वस्तू एकाच पिशवीतून दफनभूमीत जातात. २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, नंदाखाल असो, पापडी असो, सांडोर असो की माणिकपूर, संध्याकाळी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात उजळलेल्या कबरींचे छायाचित्र येते आणि ते सुंदरच असते. त्यानंतर तिथे काय उरते आणि त्याने त्याच कबरींचे काय होते, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले निम्मे २ तारखेच्या आधी करायचे आहे, म्हणून हे पत्र आताच, पाऊस परतल्या परतल्या लिहीत आहोत.

आधी ॲसिडबद्दल. पावसाळ्याचे चार महिने कबरीवर शेवाळ धरते, संगमरवर काळा-हिरवा पडतो. घरचे लोक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येतात, हाताशी तासभर असतो, मग बाटली उपडी केली जाते. फसफस फेस येतो, दगड पांढराशुभ्र होतो आणि सगळ्यांना समाधान वाटते. पण तो फेस मळाचा नसतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड लागताच तो विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे ते बुडबुडे. पांढरा दिसतो तो धुतलेला दगड नव्हे, सोललेला दगड. वरची झिलई गेली की पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होतो, त्या खरखरीत जागी पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट धरते आणि पुढच्या वर्षी दोन बाटल्या लागतात. असे काही वर्षे चालले की कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. काही जुन्या कबरींवर आज नाव डोळ्यांनी वाचता येत नाही, बोट फिरवून चाचपावे लागते. लिंबू आणि व्हिनेगर ‘घरगुती’ म्हणून चालतील असे समजू नये, तीही आम्लेच आहेत. कडाप्पा हाही चुनखडीच्याच जातीचा दगड, त्यालाही ॲसिड खाते. ग्रॅनाईटला तितका धोका नाही, पण त्याच्या सांध्यांतले सिमेंट मात्र ॲसिडने सुटते.

मग कबर धुवायची कशी? साधारण सात फूट बाय तीन फुटांच्या एका कबरीला दोन जणांनी दीड तास दिला तर पुरतो. तीन बादल्या पाणी, भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचा एक चमचा, नायलॉनचा मऊ ब्रश, दात घासायचा जुना ब्रश, बांबूची किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी, जुने सुती कापड, एवढेच सामान. तारेचा ब्रश आणि लोखंडी पत्री घरीच ठेवा. तारेचे बारीक तुकडे दगडात अडकतात आणि पहिल्याच दवाने तिथे तांबूस ठिपके उमटतात. पहिली बादली साध्या पाण्याची. दगड पुरता भिजू द्यावा, म्हणजे मळकट पाणी दगडाच्या अंगात शिरत नाही. दुसऱ्या बादलीत चमचाभर साबण टाकून घासायला घ्यायचे, पण उभा दगड आणि क्रूस खालून वर घासावा. वरून सुरुवात केली तर कोरड्या भागावर मळाचे ओघळ उतरतात आणि ते डाग नंतर हटत नाहीत. अक्षरांच्या खाचांतले शेवाळ काडीने काढावे. तिसरी बादली फक्त धुऊन काढायला. साबण दगडावर वाळू देऊ नये. सगळे शेवाळ एका दिवसात निघणार नाही आणि निघायलाही नको. उरलेले उन्हाने वाळते आणि आठवड्याने कोरड्या ब्रशने झडते. म्हणून हे काम २५ ऑक्टोबरच्या आधी करावे, ३१ तारखेला नव्हे.

अक्षरे शिशाची भरलेली असतील तर त्यांना हात लावू नका. रंगवलेली असतील तर शून्य नंबरच्या ब्रशने खाचेत तैलरंग भरावा, दोन-चार मिनिटे थांबून बाहेर सांडलेला रंग टर्पेंटाईनच्या कापडाने पुसून घ्यावा.

संगमरवर परवडत नाही म्हणून बऱ्याच कबरी सिमेंटच्या असतात आणि त्यांचे दुखणे वेगळे. सिमेंटच्या क्रुसाच्या आत लोखंडी सळई असते. समुद्रावरून येणारी खारी हवा बारीक भेगांतून तिथपर्यंत पोचते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि क्रूस आतून फुटतो. बहुतेक वेळा आधी आडव्या हाताच्या खालच्या बाजूला लांबट भेग दिसते. त्या भेगेवर वरून पांढरे सिमेंट थापणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. सुटलेला भाग काढून, सळई घासून, गंजरोधक लावून मगच भरावे. नवा क्रूस करून घेणार असाल तर स्टेनलेस स्टीलची सळई मागा. एका क्रुसाला ती फार लागत नाही, खर्चात फरक थोडाच पडतो. सिमेंटच्या किंवा विटांच्या कबरीला ऑइलपेंट लावायची पद्धत पडली आहे, तीही सोडायला हवी. जमिनीतली ओल वर चढते, रंगाखाली अडकते आणि पावसाळ्यानंतर पोपडे निघतात. आपल्या आजोबांच्या पिढीचा चुनाच बरा. एक किलो कळीचा चुना साधारण पाच लिटर पाण्यात रात्रभर विरवावा, फडक्याने गाळावा, मूठभर भिजवलेला डिंक घालावा आणि दोन पातळ हात द्यावेत. चुना विरताना पाणी उकळते, तेव्हा पोरांना दूर ठेवा, डोळे सांभाळा आणि प्लॅस्टिकची बादली वापरू नका.

ज्यांच्या घरी यंदाच कुणी गेले, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम. वर्षश्राद्धाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीला, दगड तयार असावा म्हणून घाई होते. नव्या कबरीवरची माती वीतभर-दीड वीत उंच रचलेली असते, ती पहिल्या पावसाळ्यात खचते. मध्ये खोलगट झाले की त्यात पाणी साठते. तेव्हा पुन्हा माती घालावी लागते. निदान एक अख्खा पावसाळा जाऊ द्यावा, मगच जड दगड बसवावा. घाईने बसवलेल्या फरशीची उशी-पायथ्याची टोके कडक जमिनीवर टेकलेली राहतात, मधला भाग अधांतरी होतो आणि फरशी बरोबर मधोमध तडकते. तोवर साधा लाकडी क्रूस आणि त्यावर नाव, जन्म, मृत्यू एवढे पुरते. त्या मातीवर मखमलीची फुलझाडे किंवा तुळस लावली तर तीही छान दिसते.

आता मेणबत्त्या. गेलेल्या माणसाच्या उशाशी दिवा लावणे यात सगळे आले, त्यावर आमचे काही म्हणणे नाही. प्रश्न एका कबरीवर पुड्याचा पुडा लावण्याचा आहे. पॅराफिनचे मेण साठेक अंशांच्या आसपास वितळते, पाण्यासारखे पातळ होते आणि संगमरवराच्या छिद्रांत उतरते. रंगीत मेणबत्ती असेल तर तिचा रंगही उतरतो आणि लाल डाग तर कायमचाच. वर उकळते पाणी ओतून मेण काढायला जाणारे ते अधिकच आत ढकलतात. सांडलेले मेण काढायचे तर सकाळच्या गारव्यात, किंवा त्यावर पिशवीतला बर्फ पाच मिनिटे धरून, लाकडी पट्टीने उचकटावे. उरलेल्या तेलकट डागावर शंखजिरे आणि मिनरल टर्पेंटाईनचा घट्ट लेप अर्धा सेंटिमीटर जाडीचा द्यावा, प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून एक दिवस ठेवावा, मग काढून धुवावे. टर्पेंटाईन पेट घेते, तेव्हा हे काम मेणबत्त्या जळत असताना कुणी करू नये. ते ८ तारखेनंतरचे काम आहे.

त्यापेक्षा डाग पडूच न देणे सोपे. मातीची पसरट कुंडी किंवा मोठी पणती घ्या, तिच्यात दोन-तीन बोटे जाड कोरडी रेती भरा, रेतीत मेणबत्ती रोवा आणि कुंडी दगडावर न ठेवता पायथ्याशी जमिनीवर ठेवा. वारा असेल तर भोवती मातीचीच आडोशाची कड असू द्या. काचेच्या ग्लासात लावलेली मेणबत्ती तळापर्यंत जळाली की काच तडकते आणि तिचे तुकडे गवतात राहतात. नंतर गवत काढणाऱ्या बायांचे हात त्याने कापतात. अर्धी कापलेली पाण्याची बाटली तर आडोसा म्हणून वापरूच नये, ती आधी वितळते आणि मग पेटते. शिफॉनची ओढणी, नायलॉनची साडी, लहान मुलांचे झालरीचे फ्रॉक, वाळके गवत आणि प्लॅस्टिकची पुष्पचक्रे हे सगळे त्या संध्याकाळी मेणबत्तीपासून हातभर अंतरावर असते. कबरींच्या दोन रांगांमधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. निघताना ज्योत विझवून निघावे. अर्धी मेणबत्ती घरी आणून वेदीसमोर लावली तर प्रार्थना काही कमी होत नाही.

फुलांच्या बाबतीत वसईकरांना काय सांगावे! मोगरा, सोनचाफा, जास्वंद इथून मुंबईच्या बाजारात जाते आणि आपल्याच आईबापांच्या कबरींवर मात्र थर्माकोलचे चक्र, त्यावर सोनेरी रिबीन आणि टाचण्या. मोकळी फुले किंवा दोऱ्यात ओवलेला हार आणावा. तिसऱ्या दिवशी तो काढून दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत खत होते. त्या खड्ड्यात एक जरी तारेचे पुष्पचक्र पडले तर ते खत कुणी वापरत नाही.

एवढी सगळी रेटारेटी एकाच संध्याकाळी कशासाठी, हे आम्हांला कधी उमगले नाही. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी इ.स. ९९८ च्या सुमारास आपल्या मठांसाठी २ नोव्हेंबरचा हा दिवस ठरवला आणि पुढे तो सगळ्या पाश्चात्य चर्चने स्वीकारला हे खरे. पण दफनभूमीच्या भेटीसाठी चर्चने १ ते ८ नोव्हेंबर असे पूर्ण आठ दिवस दिले आहेत. या आठांपैकी कोणत्याही दिवशी दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, अगदी मनातल्या मनात केली, तरी पापदंडाची पूर्ण माफी, जिला आपण इंडल्जन्स म्हणतो, ती शुद्धीस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यासाठी मिळवता येते. दिवसाला एक, म्हणजे आठ दिवसांत आठ आत्म्यांसाठी. अटी नेहमीच्याच: प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूंकडे पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेणे), पोपमहोदयांच्या हेतूंसाठी एक ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ आणि एक ‘नमो मरिया’, आणि पापाची ओढ मनातून काढून टाकणे. प्रायश्चित्त आधी किंवा नंतर वीसेक दिवसांत एकदा केले तरी सगळ्या दिवसांना पुरते, कम्युनियन मात्र ज्या-त्या दिवसासाठी वेगळी घ्यावी. ५ तारखेला सकाळी सहा वाजता दफनभूमीत पाखरांखेरीज कुणी नसते. म्हाताऱ्या माणसांना त्या वेळी न्या, खुर्ची घेऊन जा, बसू द्या.

मिस्सेच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. ‘आमच्या बाबांच्या नावाची मिस्सा २ तारखेलाच हवी’ असा हट्ट चर्चच्या कार्यालयात दरवर्षी होतो आणि त्यावरून धर्मगुरूंना बोलही लावले जातात. पहिल्या महायुद्धात मृतांचा खच पडत असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला २ नोव्हेंबरला तीन मिस्सा करण्याची मुभा दिली. त्या तिन्हींतली एकच कुणा विशिष्ट हेतूसाठी अर्पण करता येते. दुसरी सर्व मृत भाविकांसाठी आणि तिसरी पोपमहोदयांच्या हेतूंसाठी असते. म्हणजे एका धर्मगुरूकडे त्या दिवशी नावाची मिस्सा एकच. बाबांसाठी वेगळी मिस्सा हवी असेल तर नोव्हेंबरातला दुसरा दिवस मागून घ्यावा. अनेक हेतू एकत्र करून होणाऱ्या मिस्सेबद्दलही नियम आहे: दक्षिणा देणाऱ्यांना तसे आधी स्पष्ट सांगितलेले असावे आणि त्यांची त्याला संमती असावी. ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मृतासाठी सलग तीस दिवस रोज एक. एवढे दिवस रिकामे असलेला धर्मगुरू गावात मिळणे अवघड, म्हणून त्या बहुधा मठांतून सांगाव्या लागतात आणि निदान दोन-तीन महिने आधी विचारावे. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. गरिबांच्या हेतूसाठी दक्षिणेशिवायही मिस्सा करावी, असे चर्चचा कायदाच धर्मगुरूंना सांगतो.

नावांची यादी देताना सुवाच्य देवनागरीत, पूर्ण नाव आणि आळी लिहावी. वसईत एका नावाची चार माणसे एका गावात असतात.

घरच्या आठवणीचे सांगायचे तर सातव्या दिवसाची, महिन्याची आणि वर्षाची मिस्सा सगळेच करतात. त्यानंतर घरात फोटो राहतो आणि त्याच्यासमोर प्लॅस्टिकचा हार व मिणमिणता विजेचा दिवा. तो दिवा रात्रंदिवस चालू असतो, म्हणून कुणाचे लक्षच जात नाही. त्याऐवजी मृत्युदिनी आणि नोव्हेंबरच्या दर सोमवारी घरच्यांनी वेदीसमोर बसावे, मेणबत्ती एकाने लावावी, गेलेल्यांची नावे दुसऱ्याने मोठ्याने वाचावीत, मग जपमाळेचे एक दशक (दहा मणी) आणि शेवटी चिरविश्रांतीची प्रार्थना. दहा-बारा मिनिटांचे काम आहे. नावे वाचणे फार महत्त्वाचे, विशेषतः घरातल्या लहानाने वाचणे. पणजीचे नाव घरातल्या मुलाला ठाऊक नसते ते फोटो नसल्याने नाही, ते कधी उच्चारलेच गेले नाही म्हणून. गोव्यात लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ ‘भिकाऱ्यांचे जेवण’ घालतात, त्यातही अमुक-तमुकाच्या नावाने गरजूंना पंगतीला बसवणे हाच गाभा आहे. स्मरणदिनी हॉलवर शंभर पाने उठवण्यापेक्षा ती रीत कितीतरी थोर.

परदेशी असलेल्या मुलांमुळे आता दहनाचा प्रश्नही घरोघरी येतो. १९६३ पासून चर्चची दहनाला परवानगी आहे. मात्र २०१६ च्या सूचनेनुसार राख घरी कपाटात ठेवणे, समुद्रात सोडणे किंवा भावंडांत वाटणे चालत नाही. ती दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या जागी ठेवावी. अपवादाची विचारणा धर्मगुरूंकडे करावी, व्हॉट्सॲपवर नव्हे.

आणि एक वही. साधी शंभर पानी वही घ्या आणि तिच्यात घरातल्या प्रत्येक मृताचे पूर्ण नाव, जन्म, मृत्यू, दफनाची तारीख, कबरीचा क्रमांक, रांग, कबर कायमची की तात्पुरती, पावती कुठे ठेवली आहे, हे लिहून ठेवा. जागा अपुरी असल्याने बहुतेक ठिकाणी तात्पुरत्या कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडल्या जातात आणि अस्थी सामाईक अस्थिकूपात किंवा भिंतीतल्या कप्प्यात ठेवल्या जातात. ही मुदत प्रत्येक धर्मग्रामाची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, वेगळी असते, ती दफनाच्या दिवशीच विचारून वहीत लिहावी. पत्र्याचा क्रमांक गंजून पडला आणि वही नसली की घरचे लोक २ तारखेला अंदाजाने कुठल्यातरी मातीवर फुले ठेवून जातात. हे पाहवत नाही. मुदत आली तरी कबर उघडता येत नाही, याचे एक कारणही घरच्यांच्याच हाती असते: पॉलिस्टरचा सूट, नायलॉनची साडी, प्लॅस्टिकची फुले, व्हार्निश मारलेली जाड प्लायवूडची पेटी. हे जमिनीत कुजत नाही आणि देहालाही मातीत मिसळू देत नाही. सुती कपडे, लाकडी मण्यांची जपमाळ आणि साध्या हलक्या लाकडाची पेटी पुरे. वसईत काही ठिकाणी पेटीशिवाय, सुती कापडात गुंडाळून दफन करण्याची रीत पुन्हा सुरू झाली आहे, ती वाढावी असे आम्हांला मनापासून वाटते.

प्रत्येक दफनभूमीत कडेच्या रांगेत अशा कबरी असतात ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही: वंश संपलेली घरे, परगावचे मजूर, जन्मतःच गेलेली बाळे. त्यांच्या मातीवर नुसते गवत माजते. आपली कबर धुताना शेजारच्या अशा एका कबरीवरचे गवत खुरप्याने काढावे. आधी काठी आपटून घ्यावी, ऑक्टोबरात साप असतात. तणनाशक मारू नये. आपल्या पुड्यातली एक मेणबत्ती तिथल्या रेतीत रोवावी.

संपादक महोदय, दगड आणि मेण यांचे नियम धर्म पाहत नाहीत. शब-ए-बारातला कबरस्तानात जाणारे मुसलमान बांधव आणि समाध्या राखणारे लिंगायत, गोसावी बांधव यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल. आपणांस दोन विनंत्या. हे पत्र २५ ऑक्टोबरच्या आत छापावे, त्यानंतर छापून उपयोग नाही. आणि यंदा २ तारखेसोबत ९ तारखेच्या सकाळचेही एक छायाचित्र घ्यावे. पालिकेने ३ ते ९ नोव्हेंबर दफनभूमीच्या दारात मेण, काच आणि फुले यांसाठी तीन वेगळे पिंप ठेवले, तर ते उचलून नेण्यापर्यंतचे बाकीचे काम गावोगावची मंडळी करतील.

आपले,
दफनभूमीच्या देखभालीत हात लावणारे काही वाचक,
वसई